गिळलेला कॅमेरा काय पाहतो?

'अंगात रक्त कमी आहे' हे वाक्य शिरूर-दौंडकडच्या दवाखान्यांत नवं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (2019-21) महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयोगटातल्या 54.2 टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं आढळलं. बहुतेकींच्या बाबतीत कारण शोधायला लांब जावं लागत नाही. आहारात लोह कमी, पाळीत जास्त जाणारं रक्त, लागोपाठची बाळंतपणं. लोहाच्या गोळ्या सुरू होतात आणि दोन-तीन महिन्यांत हिमोग्लोबिन वर येतं.

काही रुग्णांचा आकडा मात्र गोळ्या खाऊनही चढत नाही, किंवा चढतो आणि पुन्हा घसरतो. पाळी केव्हाच थांबलेली एखादी बाई असते, साठी उलटलेला एखादा शेतकरी असतो. रक्ताची पिशवी चढवली की महिनाभर बरं वाटतं, मग जिना चढताना परत धाप लागते. रक्त कुठून तरी जातंय एवढं नक्की. पण कुठून, ते सापडत नाही.

असा रुग्ण शेवटी पुण्याला पाठवला जातो. शिरूरचा नगर रस्त्याने, दौंडचा रेल्वेने. तिथे तोंडातून दुर्बीण टाकून अन्ननलिका आणि जठर तपासतात, काही नाही. मग गुदमार्गाने दुर्बीण टाकून मोठं आतडं तपासतात. तिथेही काही नाही. दोन्ही रिपोर्ट नॉर्मल आले म्हणून घरच्यांना हायसं वाटतं, डॉक्टर मात्र विचारात पडतात. वरून टाकलेली दुर्बीण जठर ओलांडून लहान आतड्याच्या पहिल्या वळणापर्यंत जाते. खालून टाकलेली दुर्बीण मोठं आतडं संपवून लहान आतड्याच्या शेवटच्या काही सेंटिमीटरपर्यंत डोकावते. या दोन टोकांच्या मध्ये साधारण सहा मीटर लांबीचं लहान आतडं वेटोळी घालून बसलेलं असतं, आणि त्याचा जवळजवळ सगळा भाग बघायचा राहून गेलेला असतो. पचनमार्गातल्या रक्तस्रावांपैकी सुमारे पाच टक्के याच भागातून होतात. प्रमाण लहान आहे, पण नेमकी हीच माणसं वर्षानुवर्षं एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात फिरत राहतात.

त्यांच्यासाठी गेली पंचवीस वर्षं एक साधन हाताशी आहे: गिळायचा कॅमेरा, म्हणजेच कॅप्सूल एंडोस्कोपी.

जिवंत माणसाच्या पोटात डोकावण्याची धडपड तशी दीडशे वर्षांपूर्वीची. 1868 मध्ये जर्मनीतल्या अडॉल्फ कुसमाउल या डॉक्टरांनी तलवार गिळण्याचे खेळ करणाऱ्या एका माणसाच्या घशातून सरळ, कडक नळी आत घातली. सामान्य रुग्णाला ते झेपणारं नव्हतं. नळी वाकायला हवी आणि वाकूनही चित्र पलीकडे पोहोचायला हवं, ही खरी अडचण होती. ती सुटली काचतंतूंमुळे, आणि त्यात एका भारतीयाचा मोठा वाटा आहे. पंजाबातल्या मोगा इथे जन्मलेले नरिंदर सिंग कपानी आणि त्यांचे लंडनमधले मार्गदर्शक हॅरॉल्ड हॉपकिन्स यांनी 1954 मध्ये 'नेचर' या नियतकालिकात दाखवून दिलं, की बारीक काचतंतूंच्या जुडग्यातून चित्र वाकवून नेता येतं. पुढे 1957 मध्ये अमेरिकेत बॅसिल हिर्शोविट्झ यांनी काचतंतूंची लवचीक दुर्बीण बनवली आणि ती आधी स्वतःच्या घशाखाली उतरवली. आज तालुक्याच्या गावातही 'दुर्बिणीतून तपासणी' हा शब्द परिचयाचा आहे, त्याची सुरुवात इथली.

पण लवचीक झाली तरी दुर्बीण बाहेरून ढकलावी लागते, आणि लहान आतड्याच्या वेटोळ्यांत ढकलण्याला मर्यादा पडते. ढकलायचंच नाही, आतडं स्वतः जे पुढे नेतं त्यातूनच जायचं, ही कल्पना गॅव्रिएल इद्दान या इस्रायली अभियंत्याची. ते क्षेपणास्त्रांच्या 'डोळ्यां'वर, म्हणजे त्यांना लक्ष्य दाखवणाऱ्या प्रकाशयंत्रणांवर काम करत. 1981 मध्ये बॉस्टनला असताना शेजारी राहणारे पोटविकारतज्ज्ञ एतान स्कापा यांनी त्यांना लहान आतड्याची अडचण सांगितली. गोळीतून माहिती बाहेर पाठवणं तोपर्यंत अगदीच अशक्य राहिलं नव्हतं. पोटातला दाब आणि तापमान रेडिओलहरींनी कळवणाऱ्या गोळ्या 1957 पासून प्रयोगात होत्या. चित्र पाठवणं मात्र अवघड होतं. त्या काळातली कॅमेऱ्याची चिप एवढी वीज खाई की गोळीत मावणारी बॅटरी काही मिनिटांत संपली असती. 1990 च्या दशकात कमी विजेवर चालणारी सीमॉस चिप आली, तीच जी आज मोबाइलच्या कॅमेऱ्यात असते, आणि गणित जुळलं. लंडनचे पोटविकारतज्ज्ञ पॉल स्वेन वेगळ्या वाटेने याच कल्पनेपर्यंत पोहोचले होते. दोघं एकत्र आले. 1999 मध्ये स्वेन यांनी स्वतः ही गोळी गिळली. 2000 मध्ये 'नेचर'मध्ये शोधनिबंध आला आणि ऑगस्ट 2001 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने वापराला परवानगी दिली.

गोळी 26 मिलिमीटर लांब, 11 मिलिमीटर जाड, वजनाला चार ग्रॅमच्या आत. एका टोकाला पारदर्शक घुमट. त्याच्या मागे भिंग, भोवती पांढऱ्या प्रकाशाचे इवलेसे दिवे, मागे चिप, मग घड्याळात असतात तशा दोन बॅटऱ्या आणि शेवटी प्रक्षेपक व अँटेना. डबीत असते तोवर गोळी झोपलेली असते, कारण डबीतलं लोहचुंबक तिचं बटण बंद धरून ठेवतं. डबीतून उचलली की दिवे लुकलुकायला लागतात, आणि त्या क्षणापासून बॅटरीचं घड्याळ सुरू होतं. म्हणून रुग्णाच्या पोटावर संवेदक चिकटवून, कमरेच्या पट्ट्यात नोंदयंत्र बसवून सगळी तयारी झाल्यावरच डबी उघडतात. लुकलुकणारी ती गोळी घोटभर पाण्याबरोबर गिळायची. भूल नाही, सुई नाही, नळी नाही.

तयारी मात्र नीट करावी लागते. आदल्या रात्रीपासून साधारण बारा तास उपाशी राहायचं. आतडं स्वच्छ करणारं औषध आणि फेस मोडणारं औषध घ्यायचं, कारण कॅमेऱ्यासमोर अन्नाचा कण किंवा बुडबुडा आला तर मागचं काही दिसत नाही. लोहाच्या गोळ्या काही दिवस आधीच बंद करतात. त्या आतड्याच्या आतल्या अस्तराला काळा रंग देतात. गोळी गिळल्यावर दोन तासांनी पाणी-सरबत, चार तासांनी हलकं खाणं चालतं. रुग्णाने हिंडावं, फिरावं. फक्त एमआरआय यंत्राच्या जवळ जाऊ नये, गोळी बाहेर पडेपर्यंत.

पुढचं काम आतडं करतं. अन्न पुढे ढकलणाऱ्या त्याच आकुंचन-प्रसरणावर गोळी सरकत जाते. जठर ओलांडायला अर्धा ते एक तास, लहान आतडं पार करायला साधारण चार तास. सुरुवातीच्या गोळ्या सेकंदाला दोन छायाचित्रं काढत. आठ तासांची ती 57,600 होतात. नव्या गोळ्या आपला वेग ओळखून छायाचित्रांची गती बदलतात. घसरत गेल्या तर भराभर काढतात, रेंगाळल्या तर सावकाश. सगळी चित्रं कमरेच्या यंत्रात जमा होतात आणि गोळी एक-दोन दिवसांत शौचावाटे पडून जाते. ती शोधून परत द्यायची नसते.

डॉक्टरांसमोर मग पडद्यावर जे उलगडतं ते पाहण्यासारखं असतं. जठराच्या जाड घड्या मागे पडतात, एक लहानसं दार उघडतं आणि गोळी लहान आतड्यात शिरते. इथून भिंतीवर बारीक, बोटांच्या आकाराचे अंकुर दिसू लागतात. अन्नातलं सत्त्व शोषून घेतात ते हेच. निरोगी आतड्यात ते दाट, ओलसर आणि हलते असतात. गव्हातल्या ग्लूटेनमुळे होणाऱ्या सिलिअॅक आजारात ते झडून भिंत सपाट, भेगाळ दिसते. कुठे भिंतीवर लालभडक, शिरांचं जाळं पसरल्यासारखा एखादा ठिपका येतो. वयस्कर माणसांत वर्षानुवर्षं थेंबथेंब रक्त गाळणारी कमकुवत रक्तवाहिनी ती हीच. कुठे पांढऱ्या तळाचा, लाल कडेचा छोटा व्रण असतो. एखाद्या चित्रात नुसतंच रक्त असतं, आणि तेही पुरेसं असतं. निदान कुठल्या टप्प्यावर शोधायचं ते कळतं.

व्रणांची कारणं बरीच आहेत, आणि त्यांतलं एक घरोघरी आहे. गुडघेदुखी, कंबरदुखीसाठी मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेल्या डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या महिनोन्महिने खाणारी माणसं ऊसपट्ट्यातल्या कुठल्याही गावात भेटतात. या गोळ्यांनी जठरात व्रण होतात, हे लोकांना ठाऊक असतं. म्हणून सोबत 'अॅसिडिटीची गोळी' घेतली जाते. लहान आतड्याचं नुकसान कॅप्सूल येईपर्यंत कुणाला फारसं दिसलंच नव्हतं. 2005 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात, तीन महिन्यांहून जास्त काळ अशी औषधं घेणाऱ्या सांधेदुखीच्या 21 रुग्णांपैकी 71 टक्क्यांच्या लहान आतड्यात इजा आढळली. ही औषधं न घेणाऱ्यांत हे प्रमाण 10 टक्के होतं. अॅसिडिटीची गोळी जठराला सांभाळते, खालच्या आतड्याला नाही.

दुसरं कारण शेतातलं. अंकुशकृमी, ज्याला हुकवर्म म्हणतात, त्याच्या अळ्या ओल्या मातीत अनवाणी पायांच्या कातडीतून शरीरात शिरतात, रक्तातून फुप्फुसात, तिथून घशात आणि मग गिळल्या जाऊन लहान आतड्यात पोहोचतात. साधारण एक सेंटिमीटर लांबीचा हा जंत आतड्याच्या भिंतीला तोंडाने चिकटून रक्त पितो. एक जंत फार काही पीत नाही. शेकडो असले की हिमोग्लोबिन कोसळतं. विष्ठेच्या तपासणीत अंडी सापडली नाहीत, दोन्ही दुर्बिणी कोऱ्या गेल्या, आणि कॅप्सूलच्या चित्रांत मात्र भिंतीला लटकलेले जंत दिसले, अशा नोंदी भारतातल्या डॉक्टरांनी केल्या आहेत. उपचार अल्बेंडाझोल, काही रुपयांची गोळी. 2015 पासून दर वर्षी राष्ट्रीय जंतनाशक दिनाला अंगणवाडी आणि शाळेत मुलांना दिली जाते तीच.

इथपर्यंत वाचून वाटेल, की ज्याचं पोट दुखतं त्याने गोळी गिळावी. तसं मुळीच नाही, आणि आपल्याकडे तर जास्तच जपावं लागतं. कारण आहे क्षयरोग. क्षय म्हणजे फुप्फुसाचा आजार, एवढंच आपल्याला माहीत असतं; पण तो आतड्यातही होतो, आणि त्याची आवडती जागा लहान व मोठ्या आतड्याच्या जोडाजवळची. तिथे व्रण होतात, भरताना आकसतात आणि आतड्याची वाट अरुंद होते. अशा ठिकाणी 11 मिलिमीटर जाडीची गोळी अडकू शकते. सर्वसाधारण रुग्णांत असं शंभरात एक-दोघांचं होतं; आतडं आधीच आकसलेलं असेल तर धोका वाढतो. दोन आठवड्यांत गोळी बाहेर पडली नाही तर ती अडकली असं धरतात आणि एक्स-रे काढून शोधतात. बहुतेकदा दुखत नाही, पण काढायला खास दुर्बीण किंवा शस्त्रक्रिया लागू शकते.

म्हणून आधी प्रश्न विचारले जातात. जेवल्यावर पोट फुगून कळा येतात का? कधी आतडं अडकल्याचं निदान झालं होतं का? पोटाची शस्त्रक्रिया? पूर्वी क्षयाचे उपचार? उत्तर 'हो' असेल तर आधी आतड्याचं सीटी स्कॅन काढतात, किंवा तेवढ्याच आकाराची विरघळणारी गोळी देऊन पाहतात. तिच्यात कॅमेरा नसतो. वाट मोकळी असेल तर ती अखंड बाहेर येते. अडकली तर साधारण तीस तासांनंतर आपोआप विरघळू लागते.

क्षयामुळे दुसरीही गुंतागुंत होते. आतड्याचा क्षय आणि क्रोन हा आजार चित्रात एकमेकांसारखे दिसतात. उपचार मात्र उलट्या दिशेचे: एकाला क्षयाची औषधं, दुसऱ्याला प्रतिकारशक्ती दाबणारी. क्षय असताना प्रतिकारशक्ती दाबली तर जीवावर बेतू शकतं. कॅप्सूल व्रण दाखवते, पण त्याचा तुकडा काढून प्रयोगशाळेत पाठवू शकत नाही. त्यासाठी पुन्हा दुर्बीणच लागते. 2001 मध्ये जपानच्या हिरोनोरी यामामोतो यांनी दोन फुगे असलेली दुर्बीण जगासमोर आणली. फुगे आळीपाळीने फुगवत ती लहान आतड्यात खोलवर नेता येते, तुकडा घेता येतो, गळणारी रक्तवाहिनी जाळून बंद करता येते. कॅप्सूलने जागा दाखवायची आणि या दुर्बिणीने काम करायचं, अशी त्यांची वाटणी आहे.

मोठ्या शहरातल्या मोजक्या रुग्णालयांत मिळणारी ही तपासणी शिरूर-दौंडच्या माणसाच्या किती जवळ येऊ शकते? इथे एक गोष्ट आठवायला हवी. आतड्यांच्या आजारांवरचं मोठं संशोधन शिरूर तालुक्याने आधीच करून दाखवलं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी 1970 च्या दशकात वढू बुद्रुक इथे ग्रामीण आरोग्याचं काम उभं केलं, गावातल्याच माणसांना आरोग्याचं प्रशिक्षण दिलं. 1993 मध्ये त्यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. 2002 पासून तिथे शिरूर आणि हवेली तालुक्यांतल्या 22 गावांतल्या लोकसंख्येची आणि आरोग्याची सलग नोंद ठेवली जाऊ लागली. लहान मुलांना जीवघेणे जुलाब करणाऱ्या रोटाव्हायरसवर भारतात तयार झालेल्या रोटाव्हॅक लशीची तिसऱ्या टप्प्याची चाचणी 2011 मध्ये सुरू झाली, तेव्हा दिल्ली आणि वेल्लोरबरोबर तिसरं केंद्र वढूचं होतं. एकूण 6,799 बालकांनी तिच्यात भाग घेतला, आणि 2016 मध्ये ती लस देशाच्या सार्वत्रिक लसीकरणात आली. त्या चाचणीत आतड्यात आतडं सरकण्याच्या दुर्मीळ पण गंभीर त्रासावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावं लागलं होतं. घरी जाणारा कार्यकर्ता, लगेच मिळणारं वाहन, सोनोग्राफी आणि वरच्या रुग्णालयाशी थेट संपर्क, ही साखळी तिथे नीट चालली.

कॅप्सूललाही अशीच साखळी लागते, आणि तिचा बराचसा भाग तालुक्याला होऊ शकतो. गोळी गिळायला शस्त्रक्रियागृह लागत नाही, भूलतज्ज्ञ लागत नाही. संवेदक चिकटवणं, गोळी देणं, आठ तासांनी नोंदयंत्र काढून घेणं हे प्रशिक्षित परिचारिका करू शकते. अवघड काम आहे ते चित्रं वाचण्याचं, आणि चित्रं इंटरनेटवरून कुठेही पाठवता येतात. स्कॉटलंडने हा मार्ग मोठ्या आतड्यासाठी स्वीकारला. डोंगराळ भागातल्या आणि बेटांवरच्या रुग्णांनी घराजवळच्या केंद्रात कॅप्सूल गिळायची आणि चित्रं लांबच्या तज्ज्ञांनी वाचायची, अशी 'स्कॉटकॅप' नावाची योजना तिथे राबवली गेली. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेनेही 2021 मध्ये 11,000 रुग्णांसाठी असा प्रयोग जाहीर केला. मोठ्या आतड्यात मांसाचा कोंब (पॉलिप) दिसला की तो काढायला दुर्बीण लागतेच, हेही त्यांना अनुभवाने ठाऊक आहे. पण आत काहीच नसलेल्या माणसाची एक फेरी आणि एक नळी वाचते.

वाचणाऱ्या तज्ज्ञाचा वेळ हाही मोठा खर्च आहे. एका रुग्णाची हजारो चित्रं एकाग्रतेने पाहायला तास-दीड तास जातो; रक्ताचा एकच ठिपका एखाद-दुसऱ्या चित्रात असू शकतो. 2019 मध्ये चीनमधल्या 77 रुग्णालयांतल्या 6,970 रुग्णांच्या चित्रांवर केलेल्या अभ्यासात, संगणकाने आधी संशयास्पद चित्रं वेगळी काढून दिली तेव्हा वाचनाचा सरासरी वेळ सुमारे 97 मिनिटांवरून 6 मिनिटांवर आला. निदानाची सही तज्ज्ञाचीच राहते, पण पुण्यात बसलेला एक डॉक्टर दिवसाला कितीतरी जास्त गावांना पुरा पडू शकतो.

तूर्त खर्च पाच आकडी आहे, कारण प्रत्येक गोळी एकदाच वापरायची असते. म्हणूनच ती पहिली तपासणी होऊ नये. आधी रक्ताची पूर्ण तपासणी, मग शौचाची तपासणी, मग दोन्ही बाजूंनी दुर्बीण, आणि तरीही कारण सापडलं नाही तर कॅप्सूल. रक्त उघड जात असेल तर कॅप्सूल जितकी लवकर तितकी चांगली, शक्यतो पहिल्या दोन-तीन दिवसांत. स्राव थांबल्यावर जागा हाती लागणं कठीण होतं. शौच डांबरासारखी काळी होऊ लागली, लोहाच्या गोळ्या खाऊनही हिमोग्लोबिन उतरत राहिलं, कारण नसताना वजन घटलं, तर शिरूरच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा दौंडच्या उपजिल्हा रुग्णालयात लगेच दाखवावं. जाताना जुने सगळे रिपोर्ट, घेत असलेल्या अंगदुखीच्या गोळ्यांची पाकिटं आणि पूर्वी क्षयाचे उपचार झाले असतील तर त्याचे कागद बरोबर न्यावेत. पुढची तपासणी कुठली आणि ती सुरक्षित आहे की नाही, हे डॉक्टर त्यांवरूनच ठरवतात.